जुन्या बॅटरीची पेटी

सरकारी साहेबांनी फीत कापली, टाळ्या पडल्या, आणि बॅटरीवरच्या स्कूटर विकणाऱ्या त्या शोरूममध्ये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची हिरवी पेटी एकदाची सुरू झाली. विकेल त्यानेच परत घ्यायची, असा नवा नियम होता. आता पेटीत काहीतरी टाकताना फोटो हवा, तर जुनी बॅटरी कोणाकडेच नाही! शेवटी मालकाने भिंतीवरच्या घड्याळातला चालता सेल उपसला. साहेबांनी तो दोन बोटांत धरून, कॅमेऱ्याकडे बघत पेटीत सोडला.

गल्लीतली शिलाईवाली झाकण घातलेलं मोठं पातेलं घेऊन दारातच उभी होती. हातांना रग लागली होती. पातेल्यात भडका उडू नये म्हणून वाळू, आणि वाळूत तिच्या स्कूटरची बॅटरी. कडा उकलेपर्यंत फुगलेली.

"ही घ्या की पेटीत," ती मालकाला म्हणाली.

"आज नको हो ताई. पेटी नवीकोरी आहे. घरीच ठेवा, गाडी पाठवतो म्हटलं ना?"

ती गाडी आठवडाभर नुसती निघतच होती.

"घरात सासरे अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या खाटेशेजारी ठेवावी लागते."

"काही होत नाही हो बाई," सोफ्यावर टेकत साहेब म्हणाले. "उगाच बाऊ करताय. बॅटरीच्या जन्मापासून मरणापर्यंतची काळजी घेतलीय आम्ही नियमात."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिला त्या माना बघून शिसारी आली. दाखवायचे दात तेवढे झाडून सगळे घासून आले होते.

"मग राहू दे तुमच्याजवळच," म्हणत तिने पातेलं सोफ्यावर साहेबांना खेटून ठेवलं आणि वरचं झाकण काढलं.

उग्र, गोडसर वास आला. आतून बारीकसं काहीतरी चरचरलं. साहेबांनी जी उडी मारली ती थेट मागच्या खोलीत. मालक त्यांच्याही आधी आत पोचला होता. फोटोवाल्याने रस्ता गाठला. नियम, काळजी, सगळं सोफ्यावरच राहिलं.

दाराच्या फटीतून मालक किंचाळला, "अहो, वेड लागलंय का? असलं काही घरात ठेवतं का कोणी?"

"ठेवतात की," ती म्हणाली. "ज्यांना पळायला दुसरी खोली नसते, ते ठेवतात."