कडुनिंबाविरुद्ध अर्ज

“एका फांदीलाही हात लावायचा नाही!” नीलाताई कडुनिंबाला पाठ लावून उभ्या होत्या.

उद्यान खात्याचे नरसिंह शेजवळ खांद्यावर दोरखंड घेऊन शांतपणे ऐकत होते. दिल्लीत माणूस मराठी निघाला तेव्हा नीलाताईंना अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं होतं. पण हा हलेना.

“ताई, धोकादायक झाड म्हणून तक्रार आहे. अर्ज तीन वर्षांपूर्वीचा, नंबर आत्ता लागला.”

“कुणाचा अर्ज?”

“नाव सांगता येत नाही.”

सांगायला कशाला हवं? टीव्हीच्या केबलची तार फांद्यांत अडकायला लागल्यापासून वरच्या मजल्यावरच्या कौशल्याबाईंच्या डोळ्यांत हे झाड सलत होतं.

मयूर विहारचा फ्लॅट ताब्यात आला त्या वर्षी विश्वनाथरावांनी हे रोप लावलं. ते जाऊनही आता अडीच वर्षं झाली. एकदा त्यांनीच करवत आणली, तर नीलाताईंनी चार दिवस अबोला धरला होता. जिथे नवऱ्याची डाळ शिजली नाही, तिथे खात्याची काय शिजणार!

“तोडत नाही, छाटतोय,” नरसिंह म्हणाले. “ही दोन खोडं एकमेकांना रेटतायत. जोड बिल्कुल कमजोर. एक मोठी आंधी आली, की अर्धं झाड तुमच्या बेडरूमवर.”

जोडात बोटभर भेग होती. रोज पाणी घालूनही नीलाताईंना ती दिसली नव्हती. त्या घाबरल्या आणि बाजूला झाल्या.

नरसिंह वर चढले. “ही दहा वर्षांनी खिडकीत शिरेल. ही राहू दे, ही चौथ्या मजल्याला सावली देईल,” असं पुटपुटत ते एकेक फांदी निवडत होते. साल फाटू नये म्हणून आधी खालून काप, मग वरून. एक खोड आखूड केलं, दुसरं मोकळं सोडलं.

दुपारी ते उतरले. झाड कापल्यासारखं वाटतच नव्हतं. पुढची वीस वर्षं कुठे वाढायचं, ते त्याला कुणी समजावून सांगितलं होतं जणू. नीलाताईंना भरून आलं.

“इतकं पुढचं दिसतं तुम्हाला?”

“मला कुठलं! अर्जासोबत नकाशा होता. कुठली ठेवायची, कुठली काढायची, सगळं. आम्ही फक्त चढलो.”

काम झाल्याच्या सहीसाठी त्यांनी अर्ज पुढे केला, नावावर अंगठा ठेवून. अंगठ्याच्या वर शेवटची ओळ दिसत होती. ते अक्षर नीलाताईंनी बत्तीस वर्षं वाण्याच्या यादीत वाचलं होतं.

‘कृपया मेरा नाम मेरी पत्नी को न बताया जाए.’