पणजीचं गोत्र

रोमानियातल्या नदीकाठी सोवळं नेसून नवरा कुडकुडत होता. हे त्याच्या हंगेरियन पणजीचं माहेर. तिच्या वेळी गाव हंगेरीत होतं. पुढे गाव जागेवरच राहिलं, सरहद्द सरकली.

तर्पणाचे मंत्र सांगायला मोबाइलवर वाईचे गुरुजी होते.

"पणजीबाईंचं गोत्र?" त्यांनी विचारलं.

"आमचंच. लग्न झालं की बाई सासरची. मुळात कोण होती ते बघायचं नाही, गुरुजी."

याच माणसानं लेकाला आवडलेली मुलगी दुसऱ्या जातीची म्हणून उंबऱ्यावरून परत पाठवली होती. मी लेकाला त्याच कॉलवर घेतलं.

"अहो, आत्ता म्हणालात ते पुन्हा म्हणा."

ओंजळीतलं पाणी गळून गेलं. "थंडीनं दातखीळ बसलीय," नवरा पुटपुटला.

"बोला यजमान," गुरुजी म्हणाले, "आवाज स्वच्छ येतोय."