देव्हाऱ्यातली डिस्क

विश्वंभर गुरुजींनी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवरून लाल कापडाची पुरचुंडी काढली आणि मुलाच्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली, प्रसाद द्यावा तशी. नचिकेतने गाठ सोडली. आत जुनी हार्ड डिस्क होती आणि तिच्यावर हळदच हळद होती.

"दादा, डिस्क आहे का हळकुंड?"

गुरुजी हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता. गळ्याच्या कॅन्सरपायी डॉक्टरांनी आवाजाची पेटीच काढली होती, आणि तेव्हापासून ते गळ्याच्या छिद्रातून श्वास घेत. छिद्रावर पातळ मलमलीचं फडकं असे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी शाळकरी नचिकेतने मागून आणलेल्या माइकवर त्यांचा आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवला होता. मोबाइलवर आवाज भरायची सोय तेव्हा कुरुंद्यात त्यांच्या घरी कुठली? पुढे तो कॉम्प्युटर भंगारात गेला. गुरुजींनी ही डिस्क तेवढी काढून ठेवली. खंडेनवमीला लोक अवजारं पूजतात, गुरुजी ही डिस्क पूजत. आधी पाणी शिंपडायचं, मग ओली हळद, मग कुंकू. एकही साल चुकलं नाही.

आता नव्या कॉम्प्युटरला तिची वायरची रुंद पट्टी बसेना. म्हणून नचिकेतने हिंगोलीच्या भंगारातून एकेक भाग हुडकून तिच्याच जमान्यातला कॉम्प्युटर घरी जुळवला होता. तो स्वतःच्या एका डिस्कवर सुरू होई. ही दुसरी त्याच पट्टीला जोडायची. डिस्कच्या मागे पिनांवर नखाएवढी टोपी असते, ती एक घर सरकवली की डिस्कला कळतं, आपण इथे दुसऱ्या. नचिकेतने चिमट्याने टोपी सरकवली. तिच्याखालूनही पिवळा पापुद्रा निघाला. तो त्याने फुंकरीने उडवला.

नचिकेतच्या आईने, अनुसूयाबाईंनी, पंखा बंद केला. कुकर खाली उतरवला. शेजारच्या दिपाला हाक मारून तिचा टीव्हीही बंद करायला लावला. मग येऊन पाटावर बसल्या.

"मला ह्यांचा आवाज आठवूनच नाही राहिला रे आता," त्या म्हणाल्या. "माणूस रोज डोळ्यासमोर, अन् आवाज कसा होता ते आठवंना. फार तकलीफ होते त्याची. काय बोलले होते त्यात?"

"आता तूच ऐक की."

नचिकेतला ते पाठ होतं. त्या संध्याकाळी गुरुजींना काही सुचेना. जन्मभर दुसऱ्यांच्या घरी मंत्र म्हणणारा माणूस, पण माइक समोर आल्यावर त्याची बोबडी वळली. शेवटी त्यांनी बायकोला तुळशीला पाणी घालायला बाहेर पाठवलं, माइक तोंडाशी धरला आणि तिला नावाने हाक मारली. "अनुसूया." एवढंच. संसारात कायम "अगं"वर भागलं होतं. नाव घेतलं ते लग्नात, तेही लोकांनी दार अडवलं म्हणून.

नचिकेतने बटण दाबलं. अनुसूयाबाईंनी डोळे मिटून घेतले.

पडद्यावर पहिल्या डिस्कचं नाव आलं. दुसरीच्या पुढची ओळ कोरी. मग डब्यातून टक् असा आवाज झाला. जरा थांबून पुन्हा टक्. नचिकेतने वायर काढून लावली, टोपी पुन्हा बसवली, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा टक्.

त्याने डिस्क बाहेर काढली आणि वरची हळद ओल्या फडक्याने पुसली. कागदी लेबलाच्या कडेला मोहरीएवढं छिद्र होतं, भोवती गोल आखलेला. बाजूला इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, हे छिद्र झाकू नका. छिद्र हळदकुंकवाने काठोकाठ बुजलं होतं. गुरुजींना इंग्रजी येत नव्हतं. एवढा रेखीव गोल पाहून त्यांना ती टिळ्याचीच जागा वाटली असणार. दर वर्षी बोट बराबर तिथेच टेकलं होतं.

"ह्यातून श्वास घेते ती, दादा," नचिकेत बोलून गेला, आणि लगेच त्याला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटली.

गुरुजींचा हात गळ्यावरच्या फडक्याकडे गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या हाताने त्यांनी पेचकस उचलून मुलापुढे धरला.

"उघडली की संपलं बघा," नचिकेत हळू आवाजात म्हणाला.

गुरुजींनी होकाराची मान हलवली. नचिकेतने झाकण काढलं. आतली तबकडी आरशासारखी लख्ख असायला हवी होती. तिच्यावर पिवळे ओघळ वाळले होते, आणि त्यांच्यामधून एक गोल चरा गेला होता.

"लागलं का रे?" अनुसूयाबाईंनी विचारलं. डोळे मिटलेलेच. "मधी कोणी बोलू नका. मला पहिला शब्दच ऐकायचाय."

नचिकेतने पेचकस खाली ठेवला. त्याने दादांकडे पाहिलं.

गुरुजी उठले. बायकोच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले, इतक्या जवळ की गुडघ्याला गुडघा लागावा. त्यांनी तोंड उघडलं. ओठ चार वेळा हलले. एकेक अक्षर त्यांनी नीट, सावकाश म्हटलं. गळ्यावरचं फडकं तेवढं थरथरलं.

अनुसूयाबाई डोळे मिटून, कॉम्प्युटरकडे कान देऊन बसल्या होत्या.