छत्रीला चार स्क्रू

"खोटं वाटेल तुम्हाला, बाई. कुणीच विश्वास ठेवणार नाही. पण हे मशीन जन्माला येताना मी या डोळ्यांनी पाहिलंय," बंडलकाका म्हणाले.

रुग्णालयात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारत नसे. तीस वर्षं त्यांनी भांडार सांभाळलं होतं. भांडारातला माल अधूनमधून संपायचा, काकांच्या थापा कधी संपल्या नाहीत. आज मात्र टेबलाखाली त्यांचा पाय एकसारखा हलत होता, आणि मांडीवरच्या जेवणाच्या डब्याची कडी ते उघडत होते, लावत होते. टक. टक.

टेबलावर दोन कॉम्प्युटर होते. एकाच्या खोक्यावर वीतभर झेंडा. कंपनी आपल्या देशाची. दुसऱ्यावरचं नाव असं परकं, की उच्चारायला गेलं तर जिभेला गाठ पडावी. वॉर्डांसाठी दोन्हींपैकी एक निवडून दीडशे घ्यायचे होते आणि कागद बाराच्या आत वर जायचा होता.

इंजिनिअरने झेंडेवालं मशीन उताणं केलं, चष्मा कपाळावर चढवला. "तळाला काय म्हणतंय? समुद्रापलीकडे तयार. आतला खिळान् खिळा तिकडचा. आपला म्हणायला एक झेंडा, तोही बहुतेक तिकडेच छापलाय."

"आणि दुसरं?" खरेदीप्रमुख बाईंनी विचारलं.

"कंपनी परकी. पण तळाला पत्ता आपल्याच गावचा. टेकडीमागचा कारखाना."

"पत्ता काय, कुणीही छापतं. तयार माल बाहेरून आणायचा आणि इथे नुसता खोक्यात भरायचा." बाईंनी फॉर्म पुढे ओढला. "यात प्रश्न एकच आहे, कंपनी कुठल्या देशाची. परकी घ्यायची तर खाली कारण लिहावं लागेल. इथे बनतं हे कारण चालेल, पण पुरावा हवा. काका, गोष्ट नको, पुरावा द्या."

पुरावा काकांकडे होता, पण देण्यासारखा नव्हता. त्यांची बायको त्याच कारखान्यात शेवटच्या टेबलावर बसायची. सकाळी निघताना तिने सांगितलं होतं, "ही ऑर्डर हातची गेली तर सोमवारपासून दुसरी पाळी बंद. तीस जणी घरी. त्यात पहिलं नाव माझं." आणि सव्वादहाला काकांनी या दोघांच्या जोडीने कागदावर सही ठोकली होती, की दोन्ही कंपन्यांत माझ्या नात्यागोत्यातलं कुणी नाही. आता खरं बोलावं, तर त्यांना टेबलावरून उठावं लागणार आणि त्यांच्यामागोमाग ते मशीनही. गप्प बसावं, तर झेंडा जिंकणार.

मग जे येत होतं तेच त्यांनी केलं.

"पुरावाच सांगतोय, बाई. गेल्या महिन्यात वारा सुटला होता ना, त्यात माझी छत्री उडाली ती थेट कारखान्याच्या भिंतीपलीकडे. मी मागोमाग. आत बघतो तर सरकता पट्टा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या टोप्यांतल्या बायका, आणि छत्री पट्ट्यावर! थांबायला कुणाला फुरसत? माझ्या हाती लागेपर्यंत छत्रीला चार स्क्रू बसले होते, आणि पाचवी बाई कीबोर्ड कुठे लावू म्हणून डोकं खाजवत होती."

इंजिनिअर फिसकन हसला. "वॉरंटी किती वर्षांची मिळाली छत्रीला?"

"हसा, हसा. पण त्या झाकणाला सात स्क्रू आहेत. मधला आधी पिळतात. कडेचा आधी पिळला तर झाकण कुरकुरतं, आणि शेवटच्या टेबलावरची बाई ते माघारी धाडते. पाठीचा काटा ढिला होतो तिचा, पण एक कुरकुरतं झाकण पुढे जाऊ देत नाही."

टक. टक.

"एवढं सगळं छत्री शोधताना दिसलं?" बाई म्हणाल्या.

"माझी नजर बारीक आहे."

"तिथे ओळखीचं कुणी?"

"छे! तिथलं कुत्रंसुद्धा मला ओळखत नाही."

बाईंनी इंजिनिअरला खूण केली. त्याने परक्या नावाच्या मशीनचं झाकण खोललं. स्क्रू सातच निघाले. त्याने कडेचा आधी पिळून पाहिला, झाकण दाबलं. कुर्र. पुन्हा काढलं, मधला आधी पिळला. आवाज नाही. त्याचं हसू गेलं. त्याने झाकण परत काढून उलटं धरलं. आतल्या बाजूला हिरवा गोल स्टिकर होता. 'तपासले, १७.'

काकांना तो स्टिकर पाठ होता. सतरा हा बायकोचाच नंबर. वाकडे छापलेले स्टिकर रद्दीत निघाले की बायको घरी आणायची आणि दिसेल त्याला चिकटवायची. घड्याळाला, आरशाला, छत्रीच्या मुठीला. एकदा तिने त्यांच्या शर्टाच्या पाठीवर लावून दिला होता, आणि काका दिवसभर सगळ्या वॉर्डांतून तपासलेले म्हणून हिंडले होते.

कडीचा आवाज थांबला. काकांनी डब्याच्या झाकणावर तळहात ठेवला. पण उशीर झाला होता.

बाईंनी हात पुढे केला. काकांना डबा द्यावाच लागला. बाईंनी तो कॉम्प्युटरच्या झाकणाशेजारी ठेवला. हिरव्याला हिरवं, सतराला सतरा. मग सह्यांचा कागद उचलून वाचला. मग घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा कमी होती.

"काका," बाई म्हणाल्या, "हा डबा कुठल्या कंपनीचा, ते नाही विचारत मी. भरला कुणी, ते सांगा."