मागे बघायचं नाही

मिस्त्रीनं सायकल पोस्टमनच्या हातात दिली. "घे. अशी करून दिलीय की मध्ये थांबावंसंच वाटणार नाही तुला."

पोस्टमननं पँट मोज्यात खोचली आणि डावा गुडघा दोनदा वाकवून पाहिला. कुरकुरला, पण वाकला. पाच महिन्यांपूर्वी हाच पाय दोन ठिकाणी मोडला होता आणि आत अजून लोखंडी पट्टी होती. मिस्त्री तिला स्पेअर पार्ट म्हणायचा.

शर्यत तशी नावालाच. तिघं बालमित्र, महिन्यातला एक रविवार, फाट्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अकरा किलोमीटर. बक्षीस काही नाही. हरलेल्यानं महिनाभर टोमणे ऐकायचे, बस्स. नियमही एकच, मागे बघायचं नाही. हा नियम तिघांतल्या मास्तरमुळे आला होता. कोण येतंय ते वळून बघता बघता हा शहाणा एकदा थेट नाल्यात गेला होता, आणि बाकी दोघांचा तासभर त्याचा चष्मा शोधण्यात गेला.

आज मात्र पोस्टमनसाठी शर्यत नावापुरती नव्हती. ऑफिसात साहेबांनी त्याच्यापुढे एक अर्ज ठेवला होता. बटवडा सोडायचा आणि खिडकीत बसून तिकिटं विकायची. सही सोमवारी हवी होती. साहेब माणूस भला, काळजीनंच बोलले होते. बायकोही म्हणाली, बसा की आता पंख्याखाली, कोण अडलंय तुमच्यावाचून? कोण म्हणजे? सव्वीस वर्षं ज्यांच्या दारात घंटी वाजवली, ती सगळी माणसं! त्याला बसायचं नव्हतं. पण पाय दगा देईल की साथ, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. शेवटी त्यानं मनाशी ठरवून टाकलं, रविवारी मिस्त्री पुढे गेला तर सोमवारी सही.

हे त्यानं एकट्या मिस्त्रीला सांगितलं होतं. मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं, हो नाही की नाही नाही. "शनिवारी सायकल दुकानात आणून टाक," एवढंच म्हणाला.

मास्तरनं शिट्टी फुंकली आणि तिघं निघाले.

सुरुवातीचा रस्ता डांबरी, गुळगुळीत. मिस्त्री काही वेळ जोडीनं होता, मग मागे राहिला. वळण संपून चढ लागला, आणि चढावर खडी. चाकं खडीवर गेली मात्र, पाठीमागे सुरू झालं. खडखड, खडखड.

मिस्त्रीचं मडगार्ड! आसपासच्या सगळ्या गावांच्या सायकली हा बाबा आवाज न करता चालत्या करून द्यायचा आणि स्वतःच्या मडगार्डाला एक स्क्रू बसवायला त्याला दहा वर्षं सवड मिळाली नव्हती. पोस्टमन गालात हसला. ये, म्हणाला, ये लेका.

पण आवाज काही पाठ सोडेना. त्यानं वेग वाढवला की खडखड वाढायची. गुडघ्याला जरा उसंत म्हणून तो हळू झाला, तर तीही हळू. चोर आहे पक्का, पोस्टमनला वाटलं. मला दमवतोय, आणि शेवटच्या उतारावर सटकन पुढे काढणार. वीटभट्टीपाशी पुन्हा डांबराचा तुकडा लागला तेव्हा मागे शांत झालं. पडला वाटतं मागे, म्हणून त्यानं पाय सैल सोडला. खडी लागली आणि खडखड पुन्हा मागच्या चाकापाशी हजर. मान वळवायची फार इच्छा झाली. पण नियम म्हणजे नियम.

सातव्या किलोमीटरला गुडघ्यातून कळ निघाली ती थेट कमरेपर्यंत गेली. डोळ्यांत पाणी आलं. समोर रस्ता दिसेना, साहेबांच्या टेबलावरचा तो अर्ज दिसायला लागला. आणि मग त्याला मिस्त्रीचा राग आला, अगदी मनापासून. चाळीस वर्षांची दोस्ती. ह्याला सगळं ठाऊक आहे. एक दिवस मागे राहिला असता तर काय बिघडलं असतं? नाही, मानगुटीवरच बसायचंय ह्याला. बस मग. बघतोच कसा पुढे जातोस.

तो सीटवरून उठला आणि उभ्यानं पेडल मारायला लागला. चढ संपला, उतार आला, खडखडीनं कान फुटायची वेळ आली. पोस्टमननं ब्रेकला हात लावला नाही. दात आवळून तो टाकीपर्यंत गेला आणि तिचा खांब धरूनच थांबला.

मागची खडखडही थांबली.

त्याला हसू येत होतं आणि रडूही. श्वास जरा जागेवर आला तसा तो वळला, मिस्त्रीला चार शब्द सुनवायला.

मागे कोणी नव्हतं. पार वळणापर्यंत रस्ता मोकळा होता.

त्यानं सायकल स्टँडवर लावली, पाणी प्यायला आणि वाट बघत बसला. अर्धी बाटली संपली तेव्हा दोन सायकली वळणावर दिसल्या. दोघांचे शर्ट घामानं भिजले होते. मिस्त्रीचं तोंड लाल झालं होतं आणि त्याला बोलवत नव्हतं. खडीवरून दोघं आले ते अगदी मुकाट.

"काय खाऊन आलास रे?" मास्तर म्हणाला. "पहिल्या चढावरच गायब झालास. पुन्हा म्हणून दिसला नाहीस."

"पहिल्या चढावर? अरे, हा तर शेवटपर्यंत माझ्या..." पोस्टमनची नजर मिस्त्रीच्या मडगार्डाकडे गेली. तिथे नवा कोरा स्क्रू चमकत होता. "हा कधी बसवलास?"

"काल," मिस्त्री कपाळ पुसत म्हणाला. "सवड मिळाली."

पोस्टमननं आपली सायकल स्टँडवरून काढली आणि खडीवरून दोन पावलं पुढे ढकलली.

खडखड.