‘आम्ही’ कुठे गेलं?

विश्वनागरिक तासाला पडद्यावर पेरूमधल्या डोंगरी शाळेचा वर्ग दिसू लागला, तशी मुलांनी कानातली दुभाषी बटणं नीट बसवली. तिकडची उर्पी नावाची मुलगी बाकावर मूठ आपटत काहीतरी ताडताड बोलली. कानात मात्र लाघवी मराठी आलं, "आपल्या डोंगरात खाण झाली. आपला झरा आटला. आपण सगळे मिळून मार्ग काढू."

राजोपाध्ये बाईंच्या कपाळाला आठी पडली. उर्पीच्या भाषेतही ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन वेगळे शब्द आहेत, हे त्यांना ठाऊक होतं. मग वर्षभरात तिकडून एकदाही ‘आम्ही’ का आलं नाही? झरा त्यांचा, तहान त्यांची, आणि ‘आपण’ कसलं?

"इरावती, तिला म्हण, तुमच्या झऱ्याशी आमचा काही संबंध नाही."

इरावती बिचकली, पण म्हणाली. उर्पीचा चेहरा एकदम उजळला. "खरंच? आपला झरा आपण वाचवायचा?"

कानातलं बटण उपटून बाई तशाच तरातरा मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या.

"कोळंबकर सर, ही बटणं खोटं बोलतात. आम्हाला नकोत ती."

सरांनी कौतुकानं मान डोलावली. "अगदी मनातलं बोललात, बाई. आपल्याला ती हवीतच."

सर बटण काढायला विसरले असतील, म्हणून बाईंनी त्यांच्या कानाकडे पाहिलं.

कान रिकामा होता.