दुकानातला मधला खांब

"बाबा, आपल्या दुकानातला मधला खांब कुठे गेला?"

विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. पेलिनने भर जेवणात विचारलं. इस्तंबूलमधल्या त्या सहामजली इमारतीच्या तळाशी बाबांचं बकलाव्याच्या मिठाईचं दुकान होतं. जागा मोकळी व्हावी म्हणून त्यांनीच तो खांब कापून काढला होता, हे वरच्या सगळ्या बिऱ्हाडांना ठाऊक होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

"मग टेबलं काय तुझ्या डोक्यावर मांडू?" बाबा हसले. "दहा वर्षं झाली. पडली का इमारत?"

"मोठा भूकंप कुठे झालाय अजून?"

"भलतंसलतं बोलू नकोस, कार्टे!" आईने स्वतःच्या कानाची पाळी ओढली आणि अपशकुन टळावा म्हणून टेबलावर तीनदा ठोकलं.

"एवढी भीती असती, तर तपासणीचा अर्ज नसता का केला कुणी?" बाबांनी शांतपणे पाव मोडला. "एका घरमालकाची सही पुरते. पण आहे कुणाची छाती?"



"तिसऱ्या मजल्यावरचं घर आजीने माझ्या नावावर केलंय, आणि सोमवारी मला अठरा पूर्ण झाली," पेलिन म्हणाली. "उद्या सकाळी मी अर्ज करतेय, बाबा."